दोन बोटं जागा

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की माझं डोकं फिरतं. घरातले सगळे हे जाणून आहेत. कार्तिक सरत आला, चाकांची कुरकुर कानावर आली की ह्यांचा आवाज आपोआप खाली येतो आणि शेजारच्या काशीबाई विरजण मागायला चार दिवस फिरकत नाहीत. यंदा तर मी जळगावच्या दवाखान्याच्या ओसरीवरच बसून आहे आणि समोरच्या रस्त्यानं गाड्यांमागून गाड्या सरकी काढायच्या जिनकडे चालल्या आहेत. पांढरे डोंगरच्या डोंगर. कुंपणाच्या काटेरी झुडपांना पुंजके अडकलेत, ओसरीच्या पायरीवर कापूस उडून येतो. आत माझी शांता खाटेवर पडली आहे. तिला आठवा लागलाय. पहिलटकरीण आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर निजायला सांगितलंय, अळणी खायला सांगितलंय, आणि ती दिवसातून दहा वेळा मला विचारते, "आई, भाजीत मिठाचा एक खडा टाकला तर काय आभाळ कोसळेल?"

कोसळेल. मी पाहिलंय कोसळताना.

काल काशीबाई आल्या. पदराखालून त्यांनी चांदीचे वाळे काढले, बाळाच्या पायात घालायचे, घुंगरू लावलेले. परवा एकीनं टोपडं आणलं, मोती लावलेलं. शांताच्या सासरहून पाळण्यावर टांगायचा पोपटांचा चांदवा आला आहे. लढाई संपली तरी कापड अजून कुपनावर मिळतं, गाड्या भरभरून कापूस पिकवणाऱ्या मुलखात बाळंत्यासाठी मला माझी दोन जुनी लुगडी फाडावी लागली. पण चांदव्याला रेशीम मात्र कुठून तरी मिळालं. काशीबाई प्रेमळ आहेत. त्या मला विचारत होत्या, "वहिनी, पहिलंच आहे पोरीचं. अजून काय आणू, सांगा ना!" मी इतकं तुटक उत्तर दिलं की त्या उठूनच गेल्या. त्यांचा काय दोष? पण मला त्या वाळ्यांच्या घुंगरांचा आवाज सोसेना. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, हे मी पंचवीस वर्षांपूर्वी एकदा भोगून चुकले आहे.

तेव्हा मी पाचोऱ्यापासून चार कोसांवरच्या एका खेड्यात नवी सून होते. माझे वडील धुळ्याला शाळामास्तर. त्यांनी मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं होतं, म्हणजे गावाच्या हिशेबानं मी पंडिताच होते. सासरी काळी जमीन, दोन बैलजोड्या, आणि नजर पोचेल तिथपर्यंत कापूस. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणे, सासऱ्यांना आबा. माणसं वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसांचा राग करणं सोपं असतं. वाईट माणूस मेला की राग संपतो. चांगल्या माणसांचा राग जन्मभर पुरतो.

त्या साली कापूस उदंड फुटला होता. सहावा महिना सरेपर्यंत मी वेचणीला जात होते. वेचणीला जाताना बाया पदराची झोळी करून कमरेला बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. पोटात बाळ आणि पोटावर कापूस. बोंडांची सुकी टोकं बोटांना ओरबाडायची, कमरेत कळ यायची, आणि बांधाला टेकून उभी राहिले की अक्का म्हणायची, "हालतं-चालतं ऱ्हावाले पाहिजे वं. आम्ही तं वावरमाच बायतीन व्हयनूत." खरं होतं ते. ती तशीच शेतात बाळंत झाली होती. तिची पाच झाली, त्यांतली दोन राहिली, हे तीच पुढच्या वाक्यात सांगायची आणि तरी तिला त्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटायचं नाही.

सातव्यात डोहाळजेवण ठरलं. मला विचारलं गेलं, काय खावंसं वाटतं? अंगणात दहा-बारा बाया बसल्या होत्या. मी म्हटलं, "पाय लांब करून दिवसा झोपावंसं वाटतं." केवढ्या हसल्या! एकीला तर हसताना ठसका लागला. धुळ्याची पोर मोठी गमतीची आहे असं ठरलं आणि माझ्यासाठी मांडे, भरीत, कळण्याची भाकर, लिंबाचं खारं लोणचं, मिरचीचं खारं लोणचं, उडदाचे पापड, ज्वारीची बिबडी असा थाट झाला. आज ती यादी लिहिताना मोजते, तर तिच्यातला निम्मा माल मिठाचा होता. कुणी प्रेमानं बरणी भरून आणली होती, कुणी डबा भरून. मी सगळं खाल्लं. चव होती ना.

बाकीचा अहेर पोटाला आला. म्हणजे पोटातल्याला. चांदीची वाटी, करगोटा, काळे मणी, दृष्टीची बाहुली, कुणाचं तरी जुनं कुंची-टोपडं, हिरवे खण. दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मी पेढ्याची वाटी उघडली आणि मुलगाच म्हणून बायांनी गलका केला, "आंडोर व्हई! आंडोरच व्हई!" शेवंतीच्या वेण्यांनी डोकं इतकं जड झालं होतं की मान वर होत नव्हती. कुणी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. पाय लुगड्याखाली होते आणि त्यांच्यावर चपलांचे पट्टे रुतल्याचे वळ होते. चेहरा गोल झाला होता, त्यावर मात्र सगळ्यांची नजर गेली. "अंग भरनं शे," म्हणत होत्या. "सासरनं सुख लागनं."

एका बाईनं पाहिलं. ती बाई डोहाळजेवणाच्या पंगतीतली नव्हती. तिला पंगतीत कुणी बसवलंच नसतं.

हमीदाबी मणियारीण पाचोऱ्याची. डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं घेऊन आठ-दहा गावं पायी फिरायची. लग्नात माझे हात तिनंच भरले होते. बांगडीवालीला माणसं चेहऱ्यानं आठवत नाहीत, हातानं आठवतात. ओसरीवर बसून तिनं माझा हात हातात घेतला, मिटला, अंगठा आत दाबला, आणि थांबली.

"सव्वादोन होता तेरा हाथ," ती म्हणाली.

तिनं अडीचची हिरवी बांगडी काढली. ती जाईना. साबणाचं पाणी मागवलं. दोन्ही हातांत डझन-डझन चढवायच्या होत्या, सात महिन्यांच्या पहिलटकरणीचे हात मोकळे कसे ठेवायचे! ती भरत होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अक्का शेजारी उभी राहून कौतुकानं बघत होती. मग ती हमीदाबीला घालायला ज्वारी आणायला आत गेली आणि हमीदाबीनं माझ्या मनगटामागं अंगठा दाबून धरला, सोडला. खळगा पडला. आम्ही दोघी त्या खळग्याकडे बघत राहिलो. तो भरून यायला किती वेळ लागला!

"देख बेटी, ये चरबी नहीं है, पानी है. मेरी बड़ी बहन के हाथ ऐसेच हुए थे."

"मग?"

बांगड्यांचे जुडगे ज्या सुतात ओवलेले असत ते सूत तिच्या मांडीवर पडलं होतं. साधं, जाडं, हातकताईचं सूत. त्याचे दोन पदर करून तिनं माझ्या उजव्या मनगटाला, बांगड्यांच्या वर, सैलसर बांधले, आत आपली दोन बोटं घालून पाहिली आणि गाठ मारली. कात्री नव्हती, म्हणून टोकं लांबच लोंबत राहिली.

"दोन बोटं जागा शे, देख. येक बोट राही तं दवाखाना. बोटच नही शिरनं तं तवाच गाडी जुपाले सांग. डॉक्टरीण है पाचोरे में. शरमाना मत."

एवढं ती मला म्हणाली. तेवढ्यात अक्का सूप घेऊन बाहेर आली. उठता उठता हमीदाबीनं तिलाही बजावलं, "अक्का, हाऊ दोरा तोडजो नको. सांभाळजो."

बस. इथं सगळं फिरलं. तोडू नको, सांभाळ, असं एका मुसलमान बाईनं सांगितलेला दोरा म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या कुठल्याही सासूला सांगावं लागत नाही. पिराचा गंडा. आम्ही दर्ग्यावर जाणारी माणसं, मोहरमला ताबुताखालून पोरं काढणारी माणसं. अक्कानं त्याच संध्याकाळी त्या दोऱ्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली.

पुढच्या मंगळवारी दोरा रुतला. अक्काच्या लक्षात आलं, माझ्याआधी. "तुटी जाई वं! अपशकुन व्हई!" असं म्हणत तिनं मला पाटावर बसवलं, नखानं हळूच गाठ सोडवली, लांब टोकांतलं सूत आत घेतलं, दोन बोटं बसतील अशी जागा केली, आणि पुन्हा गाठ मारली. मग हळदकुंकू. मग उदबत्ती. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. मापाचा दोरा रुतेल तेव्हा बैल जुंपायचे होते. आमच्या घरी दोरा रुतला की दोराच सैल होत होता.

आणि मी? मला माहीत होतं ना! चौथी शिकलेली, मास्तराची लेक, मी का बोलले नाही? पंचवीस वर्षं मी ह्या एका प्रश्नाला दातांखाली धरून बसले आहे. अक्काला भीत होते, हे सांगायला बरं उत्तर आहे. भीत तर होतेच. पण खरं असं की लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या घरात माझा हात कुणी हातात धरून बसलं नव्हतं. मंगळवारी अक्का धरायची. तिची बोटं खरखरीत होती, गाठ सोडवताना ती श्वास रोखायची, मला दुखू नये म्हणून फुंकर घालायची. ते मला हवंहवंसं झालं होतं. मी बोलले असते तर ते थांबलं असतं. म्हणून मी काय करायची, तर न्हाणीच्या आडोशाला जाऊन दोऱ्यात बोटं घालून बघायची. दोन जायची. आहे की जागा, असं म्हणायची आणि बाहेर यायची. असली मी शहाणी!

डोकं दुखायला लागलं. डोळ्यांसमोर ठिणग्या उडायच्या, मग सगळं पांढरं व्हायचं. अक्कानं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुन्हा मीठच.

संक्रांत जवळ आली तशी हमीदाबी पुन्हा आली. सकाळची वेळ. अंगणात दोन गाड्या कापूस दाबून भरून उभ्या होत्या, पाचोऱ्याच्या जिनला जायच्या. आबा दोर आवळत होते. हे बैलांना पाणी दाखवत होते. हमीदाबीनं गाठोडं ओसरीवर टेकवलं, माझ्याकडे बघितलं आणि माझा हात ओढून घेतला. दोऱ्यात बोटं घातली. दोन गेली. तिचा चेहरा सैल झाला, आणि तेवढ्यात तिचं लक्ष टोकांकडे गेलं. लांब टोकं संपली होती. सुतावर जुन्या गाठींचे तीन मळकट वळसे दिसत होते.

"किसने खोला ये?" ती ओरडली. "कोनी सैल करा?"

अक्का चुलीपासून हसत बाहेर आली. "मी करा. मंगळवारे मंगळवार. तुना गंडा मी सांभाळी ठेवा."

हमीदाबीनं कपाळावर हात मारला. मला ते हसू आणि तो हात अजून दिसतो. त्या दिवशी माझी बोटं निळसर झाली होती, बांगड्या कातड्यात गेल्या होत्या, आणि मीच तिला म्हणाले, "काढ गं. मला सहन होत नाही."

"निघणार नाहीत, बेटी. फोडू?"

"फोड."

हा शब्द मी उच्चारला. आमच्यात बांगडी फुटली असंही म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सुवाशिणीच्या, त्यातून पोटुशीच्या हातातल्या हिरव्या बांगडीला कुणी बोट लावत नाही. मी सरळ म्हणाले, फोड. तिनं माझ्या हाताखाली आपला पदर घडी करून ठेवला आणि ओसरीवरच्या वरवंट्यानं एकेक बांगडी टिचवली. हिरव्या काचा शेणानं सारवलेल्या भुईवर पडल्या. अक्का मोठ्यानं रडायला लागली. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गाडी जुंपो," हमीदाबी आबांना म्हणाली. "अब्भी."

आबा म्हणाले, "गाडी जुपेलच शे. पाचोऱ्यालेच जाई ऱ्हायनी. वर बसाडा तिले. गादी शे ती."

मला कापसावर निजवलं. माझा डोहाळा पुरा झाला, पाय लांब करून दिवसा झोपायला मिळालं. हमीदाबी आपलं गाठोडं आमच्या ओसरीवर तसंच टाकून माझ्याजवळ चढून बसली आणि चार कोस माझं डोकं मांडीवर घेऊन राहिली. वरती स्वच्छ थंड ऊन होतं. मला एवढंच आठवतं. पुढचं मला ह्यांनी सांगितलं, आणि तेही एकदाच, शांताच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा.

जिन आधी लागतं. दवाखाना त्याच्या पुढे, अर्ध्या मैलावर. जिनच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती, चाळीस-पन्नास गाड्या असतील. आबांनी आमची गाडी रांगेत घालायला लावली. कापूस उतरवून मोकळी गाडी दवाखान्यात न्यायची, असा त्यांचा बेत. हमीदाबी वरून ओरडली तेव्हा ते म्हणाले, "आपला नंबर लागू दे. नंबर गया तं दोन दिन खोळंबा शे." त्यांना खरंच वाटत होतं की बायांच्या कामाला एवढी घाई नसते. गाडी हे हाकत होते. कासरा ह्यांच्या हातात होता. बापाच्या शब्दापुढे ह्यांनी बैल हलवले नाहीत.

त्या रांगेत, कापसावर, मला पहिली आकडी आली.

मग हमीदाबी खाली उतरली. तिनं बैलाच्या वेसणीला हात घातला आणि गाडी रांगेबाहेर ओढली. "हटो रे! जीव जास! हटो!" असं ओरडत ती बैलांच्या पुढे धावत होती आणि गाडीवाले आपापल्या गाड्या बाजूला घेत होते. एवढं ह्यांनी सांगितलं. मी विचारलं, तुम्ही काय करत होतात? म्हणाले, मी बसलो होतो. त्यानंतर आठ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.

मी वाचले. पोर वाचली नाही. हो, पोर. पेढ्याची वाटी उघडली होती मी.

महिन्याभरानं मला घरी आणलं. अक्कानं माझ्या हातात गार काळा मणी बांधला आणि विचारलं, "बांगड्या कोनी फोड्यात?" तिला माहीत होतं, तिच्यासमोर फुटल्या होत्या. पण तिला ते माझ्या तोंडून, बायांच्या देखत हवं होतं. पोर का गेली, ह्याचं उत्तर गावाला पाहिजे होतं. रांगेचं नाव घेणं परवडणारं नव्हतं. हळदकुंकवाच्या मंगळवारांचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. उरल्या बांगड्या.

मी म्हणाले, "हमीदाबीनं."

खोटं नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून फोडल्या, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एक शब्द होता, फोड, तो मी गिळला. बाया म्हणाल्या, बांगडीवालीला हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

थोड्या दिवसांनी ती गाठोडं न्यायला आली. अक्कानं ते ओसरीवरून खाली भिरकावलं. आतल्या बांगड्यांचा चुरा झाला तो आवाज मी दाराआडून ऐकला. ती वाकली, गाठोडं उचललं, आणि दाराकडे बघून म्हणाली, "अब कैसी है, बेटी?"

मी आत गेले.

लिहिलं एकदाचं. मी आत गेले. रागवायचं तर आधी त्या बयेवर रागवायला हवं, जी अठराव्या वर्षी दाराआडून आत गेली आणि चुलीपाशी जाऊन बसली. हमीदाबी पुन्हा त्या गावात आली नाही. तिची आठ-दहा गावांची फेरी होती, त्यातलं एक गाव गेलं. पण बातमीला पाय असतात, बाकीच्या गावांतही पोटुश्या तिला हात देईनाशा झाल्या असं मागाहून कळलं. पुढे आबा गेले, जमिनीच्या वाटण्या झाल्या, आम्ही अक्काला घेऊन जळगावजवळ पिंप्राळ्याला राहायला आलो. मी एकदा, शांता कडेवर असताना, पाचोऱ्याला उतरून मणियारांच्या गल्लीत गेले होते. ती चाळीसगावला लेकाकडे गेली होती आणि तिथंच वारली होती. माझ्या हातात तिच्यासाठी नेलेलं लुगडं होतं. ते मी परत आणलं.

म्हणून यंदा शांता बाळंतपणाला माहेरी आली त्या दिवशीच मी तिच्या मनगटाला सूत बांधलं. दोन बोटं जागा. तिला पाठ करून घेतलं, एक बोट तर दवाखाना, शून्य तर टांगा. ती हसली. म्हणाली, "आई, माझ्या सासरी सगळ्यांनी सोनं-चांदी दिलं आणि तू सुतळी!"

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळपासून मी खापरावर मांडे भाजत होते. मी भाजत होते! एवढं सगळं होऊन, पंचवीस वर्षं जळून, मी परसात धुरात बसून मांडे भाजत होते आणि पोरीचा हात बघायला मला सवड नव्हती. आत शांता पाटावर, शेवंतीच्या वेण्या, हिरवं लुगडं, सगळं तेच. ओटी भरायला ताट घेऊन पाच सुवाशिणी उभ्या. मी मांड्यांची चळत घेऊन आत आले तर अक्का, आता कमरेत वाकलेली, शांतापुढे बसली होती. तिचं एक बोट कुंकवात बुडालेलं. दुसऱ्या हाताच्या नखानं ती गाठ सोडवत होती.

"रुती ऱ्हायना पोरले," ती मला बघून म्हणाली. "सैल करी देस."

चळत माझ्या हातातून खाली गेली. मी काय बोलले ते शब्दाशब्दाने आठवत नाही, पण आवाज शेवटच्या आळीपर्यंत गेला म्हणतात. "कुंकू लावू नका त्याला! गंडा नाही तो! तेव्हाही नव्हता! माप होतं ते, अक्का, माप! तो रुतेल तेव्हा मला दवाखान्यात न्यायचं होतं आणि तुम्ही तो सैल करत बसलात! तीन मंगळवार! आणि मी बसू दिलं. आणि बांगड्या हमीदाबीनं आपल्या मनानं नाही फोडल्या. मी सांगितलं. मी म्हणाले, फोड. तिनं मला जगवलं आणि मी तुमच्यासमोर तिचं नाव घेऊन मोकळी झाले!"

ओटीच्या ताटातला नारळ घरंगळत जमिनीवर गेला. काशीबाईंनी समजुतीनं म्हटलं, "होऊ द्या हो वहिनी, आधी ओटी होऊ द्या, मग बोलू."

अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आता फारसं दिसत नाही, पण ती बघत होती. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, बांगड्यांचा शाप देईल. मला तसं व्हायला हवं होतं. मला भांडण हवं होतं, पंचवीस वर्षांचं. तिनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं. शांताचा हात मांडीवर घेतला. गाठ सोडवायची सोडून ती दोऱ्याखाली बोट सरकवायला लागली. एक गेलं. दुसरं तिनं लावून पाहिलं, वळवून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. ते गेलं नाही.

"एकच जास," ती म्हणाली. मग दाराकडे तोंड करून, आबा बोलत तसल्या चढ्या आवाजात, "गाडी जुपा रे! ओटी मंग भरा!"

हे आधीच उठले होते. पायांत वहाणा न घालता टांगा आणायला धावले. दवाखान्याच्या वाटेत जिनकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आडवी आली तेव्हा हे टांग्यातून खाली उतरले आणि बैलांच्या पुढे हात पसरून ओरडत चालायला लागले. तेव्हाचं तेव्हा करायला हवं होतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तर काशीबाई, तुम्ही विचारलंत ना, काय आणू? काही आणू नका. दुपारी येऊन बसा तिच्यापाशी, म्हणजे ती उठणार नाही. अळणी भाजी तुमच्यासमोर खाईल. तिचा हात हातात घ्या आणि अंगठा दाबून बघा. वाळे बाळ आल्यावर.

काल संध्याकाळी ओसरीवर अक्का माझ्याजवळ येऊन बसली. गाड्यांचे आवाज ऐकत होती.

"ती मणियारीण कथा ऱ्हास वं आते?" तिनं विचारलं. "तिनं गठुडं मी फेकं व्हतं."

"वारली, अक्का."

"कव्हय?"

"वीस वर्षं झाली."

माझ्याजवळ तिला द्यायला दया नव्हती आणि स्वतःला द्यायलाही नव्हती. अंधार पडायच्या आत हे तिला घरी घेऊन गेले.

आज सकाळी मी जागी झाले तर ती शांताच्या खाटेपाशी उभी होती. पिंप्राळ्याहून पहिल्या टांग्यानं आली असावी. शांता झोपेतच होती. अक्का वाकून, श्वास रोखून, तिच्या मनगटावरच्या दोऱ्याखाली दुसरं बोट सरकवून बघत होती.